मोडल एक बोलतं, ॲडव्हर्ब दुसरंच: मेलमधल्या तीन वाक्यांचा घोळ

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात:

नोकरीत रोज क्लायंटला इंग्रजीत मेल लिहावे लागतात. क्लासमध्ये कुठलं मोडल व्हर्ब किती खात्री दाखवतं याचा एक तक्ता पाठ करून घेतला होता, माइट म्हणजे ३० टक्के, मे म्हणजे ५०, शुड म्हणजे ८०, मस्ट म्हणजे ९५. ॲडव्हर्बचा (म्हणजे प्रॉबेबली, रिअली असल्या शब्दांचा) नियम तर एका ओळीचा, ‘मोडलच्या नंतर टाका’. एवढ्यावर भागत होतं. पण हल्ली तीन वाक्यांवरून गोंधळ झाला. ‘वी मे प्रॉबेबली फिनिश बाय फ्रायडे’ यातला ‘मे’ सिनियरने खोडून ‘विल’ केला, कारण काही सांगितलं नाही. ‘कुड यू प्रॉबेबली सेंड द फाइल’ वाचून एक जण हसला. आणि ‘आय कान्ट रिअली जॉइन द कॉल’ असं स्पष्ट कळवूनही क्लायंटचं उत्तर आलं, बरं मग दहा मिनिटं तरी या. सहकारी मैत्रीण म्हणते ॲडव्हर्ब वापरूच नकोस, तसंही मोडल आणि ॲडव्हर्ब दोन्ही घालणं म्हणजे एकच गोष्ट दोनदा सांगणं. आता साधा मेल पाठवायलाही हात कचरतो. परत ग्रामरचा कोर्स लावू, की ॲडव्हर्ब सोडूनच देऊ? आणि जाता जाता, ‘यू शुड मेबी टॉक टू हिम’ हे बरोबर आहे का?

उत्तर:

तुम्ही तिन्ही वाक्यं ‘माझं ग्रामर कच्चं’ या एकाच खात्यात टाकलीयत. पण तिन्हींचं दुखणं वेगवेगळं आहे. पहिल्यात मोडल आणि ॲडव्हर्बचं आपसात पटत नाहीये. दुसऱ्यात विनंतीला न चालणारं ॲडव्हर्ब आलंय. आणि तिसऱ्यात तर चूक नाहीच, ‘आय कान्ट रिअली जॉइन द कॉल’ हे चांगलं शुद्ध इंग्रजी आहे, फक्त तुम्हाला जे सांगायचं होतं ते त्यातून सांगितलं जात नाही. त्यामुळे कोर्सचा विषय थोडा वेळ बाजूला ठेवू, त्यावर येतेच मी.

आधी तो टक्क्यांचा तक्ता. त्याला अगदीच नावं ठेवणार नाही, माइटपेक्षा मस्ट जोरदार एवढं नवशिक्याला कळायला तो पुरतो. पण त्यातून अशी समजूत होते की मोडल म्हणजे एक आकडा, ॲडव्हर्ब म्हणजे दुसरा आकडा, दोघांची बेरीज नाहीतर सरासरी काढली की झाला अर्थ. आता गंमत अशी की ज्यांची भाषा आहे त्यांचंच या आकड्यांवर एकमत नसतं. १९५१ साली अमेरिकेच्या गुप्तचर विश्लेषकांनी युगोस्लाव्हियावर हल्ला होईल का या विषयावर एक अहवाल केला आणि त्यात शब्द वापरले ‘सीरियस पॉसिबिलिटी’. नंतर परराष्ट्र खात्यातल्या एका अधिकाऱ्याने शर्मन केंट यांना विचारलं, म्हणजे नेमकी किती हो? केंट त्या कामातले मोठे अधिकारी, त्यांच्या मनात होतं साधारण ६५ विरुद्ध ३५, हल्ला होण्याच्या बाजूने. विचारणारा उडालाच, कारण त्याने बरंच कमी धरलं होतं. मग केंटनी आपल्याच सहकाऱ्यांना विचारून बघितलं तर कुणाच्या डोक्यात २० विरुद्ध ८० आणि कुणाच्या डोक्यात थेट ८० विरुद्ध २०, आणि या सगळ्यांनी त्याच एका वाक्याला मान डोलावलेली! १९६४ मध्ये केंटनी यावर लेख लिहिला आणि अशा शब्दांना आकड्यांचे पट्टे ठरवून द्यायची कल्पना मांडली. हवामान बदलावरचे आयपीसीसी या आंतरसरकारी मंडळाचे अहवाल आज तेच करतात, तिथे ‘लाइकली’ म्हणजे ६६ ते १०० टक्के आणि ‘व्हेरी लाइकली’ म्हणजे ९० ते १०० टक्के असं आधी जाहीर केलेलं असतं. म्हणजे आकडा शब्दाच्या पोटात नसतो, कुणीतरी ठरवून दिला तरच असतो. तुमच्या मेलच्या वर असा तक्ता छापलेला नाही, मग वाचणारा कशावरून अंदाज बांधणार? मोडल आणि ॲडव्हर्ब एकमेकांना कसे धरून आहेत त्यावरून, आणि ॲडव्हर्ब कुठे बसलंय त्यावरून.

आता मैत्रिणीचं म्हणणं, दोन्ही घालणं म्हणजे एकच गोष्ट दोनदा. वरवर पटतं ते. पण इंग्रजीत मुख्य मोडल आहेत नऊ, कॅन, कुड, मे, माइट, शॅल, शुड, विल, वुड, मस्ट, आणि प्रमाण इंग्रजीत एका क्रियापदाला यातलं एकच लागतं. ‘विल कॅन’ नाही चालत, ‘विल बी एबल टू’ म्हणावं लागतं. (अमेरिकेच्या दक्षिण भागात आणि स्कॉटलंडमध्ये ‘आय माइट कुड डू इट’ असं बोलणारी माणसं आहेत बरं का, आणि त्यात माइटचं काम जवळपास मेबीसारखंच असतं. मेलमध्ये मात्र नको.) एकच जागा म्हटल्यावर उरलेली छटा जाणार कुठे? ॲडव्हर्बमध्ये. ‘विल’ने भविष्याचं सांगितलं, किती खात्रीने सांगताय ते ‘प्रॉबेबली’ने सांगितलं. इथे दोनदा काय सांगितलं? काहीच नाही.

हां, कधीकधी दोघं खरंच एकच गोष्ट सांगतात. ‘ही मे पॉसिबली हॅव फरगॉटन’, यात मे पण शक्यतेचं आणि पॉसिबली पण शक्यतेचं. जॉन लायन्स या भाषाशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये अशा जोड्यांना ‘मोडली हार्मोनिक’ म्हटलंय, म्हणजे सूर जुळलेल्या. मे पॉसिबली, माइट परहॅप्स, मस्ट शुअरली, विल सर्टनली या अशा जोड्या. यात दोन शक्यतांचा गुणाकार होऊन शक्यता आणखी कमी होत नाही, दोघं मिळून एकच सूर लावतात आणि वाक्य जरा मवाळ किंवा जरा ठाम होतं एवढंच. आणि सूर जुळला नाही की मग ते तुमचं ‘मे प्रॉबेबली’ होतं. मे म्हणतंय होईलही, नाहीही, मी बाजू घेत नाही. प्रॉबेबली म्हणतंय मी बाजू घेतलीय, होईल असंच वाटतंय. वाचणाऱ्याने कुणाचं ऐकायचं? जुन्या इंग्रजी लेखनात ‘मे प्रॉबेबली’ भेटतं, तेव्हा कुणाला फार खटकत नसावं, पण आजच्या मेलमध्ये ते ‘नक्की ठरव की बाई’ असं वाटायला लावतं.

आणि इथेच तुम्हाला एक उलटा प्रश्न विचारायचाय. सिनियरने ‘मे’ खोडून ‘विल’ केला तेव्हा तुम्ही धरून चाललात की व्याकरण सुधारलं. पण ते वाक्य दोन बाजूंनी सुधारता येत होतं. मे काढा, ‘वी विल प्रॉबेबली फिनिश बाय फ्रायडे’, म्हणजे शुक्रवारी होईल असं धरून चाला. किंवा प्रॉबेबली काढा, ‘वी मे फिनिश बाय फ्रायडे’, म्हणजे शुक्रवारवर भिस्त ठेवू नका. दोन्ही व्याकरणात अगदी बरोबर आणि दोन्ही पूर्ण वेगळे शब्द क्लायंटला दिलेले! काम तुम्ही करत होतात, शुक्रवारी होईल की नाही ते तुम्हाला माहीत. सिनियरने नकळत (की कळून?) तुमच्या वतीने जास्त मोठा वायदा करून टाकला, आणि तुम्ही ग्रामरमध्ये नापास झाल्यासारखं वाटून घेऊन गप्प बसलात. पुढच्या वेळी सरळ विचारा, हे भाषा म्हणून बदललंत की तारीख म्हणून? यात उद्धटपणा काही नाही.

सूर जुळण्याचं हे प्रकरण तक्त्यासारखं पाठ करू नका मात्र, कारण त्याला वळसे आहेत. ‘इट कुड डेफिनेटली फेल’ घ्या. कुड म्हणजे शक्यता, डेफिनेटली म्हणजे खात्री, मग भांडण व्हायला हवं ना? नाही होत. कारण इथे डेफिनेटली फेल होण्याची खात्री देत नाहीये, फेल होण्याची शक्यता आहे याची खात्री देतंय. धोका आहे, नक्की आहे, असं. तसंच ‘यू मे सर्टनली लीव्ह अर्ली’ यात मे परवानगीचा आहे आणि सर्टनली त्या परवानगीवर शिक्का मारतं, खुशाल जा म्हणून. आणि ‘ही मे सर्टनली बी टॅलेंटेड’ एवढं वाचलंत की पुढे ‘बट’ येणार हे ओळखायचं, असेल हो हुशार, पण... अशी ती चाल. तेव्हा जोडी दिसली की नुसतं खटकतंय म्हणून खोडू नका, ॲडव्हर्ब नेमकं कशाची खात्री देतंय ते आधी बघा.

आता जागेचं. यावर जास्त लिहिणार आहे, कारण पत्रात यावर एकच ओळ होती आणि सगळ्यात जास्त नुकसान याच ओळीने केलंय असं मला वाटतं.

‘मोडलच्या नंतर टाका’ हा नियम होकारी वाक्यापुरता बरा आहे. ‘शी विल प्रॉबेबली कम’. पण नकार आला की? ‘शी वोन्ट प्रॉबेबली कम’ कानाला लागतं, म्हणतात ‘शी प्रॉबेबली वोन्ट कम’. (नॉट सुटा ठेवलात तर ‘विल प्रॉबेबली नॉट कम’ हेही चालतं, बघा, प्रॉबेबली नॉटच्या आधीच आहे.) कारण सरळ आहे, बहुतेक काय तर ती येणार नाही. प्रॉबेबली नकाराच्या बाहेर उभं राहून आख्ख्या नकाराबद्दल बोलतंय, म्हणून ते आधी. याच्या बरोबर उलट वागतं ‘नेसेसरिली’. ‘इट वोन्ट नेसेसरिली फेल’, फेल होईलच असं नाही. इथे नकार नेसेसरिलीवरच पडतो म्हणून ते नकाराच्या नंतर, आणि ‘इट नेसेसरिली वोन्ट फेल’ सहसा कुणी म्हणत नाही. एक बाहेरचं, एक आतलं.

आणि काही ॲडव्हर्ब अशी आहेत की ती दोन्हीकडे बसतात आणि बसतील तसा अर्थ फिरवतात. तुमचं ‘रिअली’ त्यातलं. ‘आय रिअली कान्ट जॉइन’ म्हणजे येणं शक्यच नाही हो, खरंच सांगतेय. ‘आय कान्ट रिअली जॉइन’ म्हणजे तसं काही येता येणार नाही, जमण्यासारखं नाही, बघा ना. यात नकार रिअलीवर पडतो आणि मिळमिळीत होतो, ‘खऱ्या अर्थाने नाही’ असा, आणि खऱ्या अर्थाने नाही तर मग थोडंसं तरी जमेल की! क्लायंटने तेच वाचलं, दहा मिनिटं तरी या म्हणाला. तो आगाऊ नव्हता, त्याने तुमचं वाक्य नीट वाचलं होतं. तुम्ही म्हणता स्पष्ट कळवलं, तर तेवढं स्पष्ट नव्हतं ते. अर्थात हीच जागा कधी मुद्दाम हवी असते, समोरच्याला न दुखावता टाळायचं असेल तर ‘आय कान्ट रिअली कमेंट ऑन दॅट’ फार कामाचं वाक्य आहे. म्हणून ते चूक नाही, ते हत्यार वेगळं.

‘पॉसिबली’चं याहून गंमतशीर. ‘आय पॉसिबली कान्ट कम’ म्हणजे कदाचित जमणार नाही (लोक यापेक्षा ‘आय माइट नॉट बी एबल टू कम’ म्हणतील, पण अर्थ तो). ‘आय कान्ट पॉसिबली कम’ म्हणजे कोणत्याही परिस्थितीत नाही, विषय संपला. एक शब्द एका जागेने सरकला की कदाचितचं कदापि होतं! ‘जस्ट’ पण घ्या, ‘आय जस्ट कान्ट लीव्ह’ म्हणजे निघणं शक्यच नाही, ‘आय कान्ट जस्ट लीव्ह’ म्हणजे असं नुसतं उठून कसं निघू, निदान सांगून तरी जायला हवं. आणि ‘स्टिल’ची एक चूक इतक्या मेलमध्ये दिसते की सांगतेच, ‘आय कान्ट स्टिल ओपन द फाइल’. नको. ‘आय स्टिल कान्ट ओपन द फाइल’. अजूनही चालू काय आहे, तर न उघडणं, म्हणून स्टिल नकाराच्या आधी.

हे सगळं लक्षात कसं ठेवायचं? लक्षात ठेवू नका, एक चाचणी करा. ॲडव्हर्ब उचलून वाक्याच्या अगदी सुरुवातीला नेऊन ठेवा, स्वल्पविराम द्या आणि वाचा. ‘प्रॉबेबली, शी वोन्ट कम’, अर्थ तोच राहिला, म्हणजे हे बाहेरचं, याला नकाराच्या आधी ठेवा. ‘नेसेसरिली, इट वोन्ट फेल’, छे, भलतंच काहीतरी झालं, म्हणजे हे आतलं. आणि ‘रिअली’, ‘पॉसिबली’, ‘जस्ट’ यांच्या वेळी चाचणी असं विचारते की तुला बाहेरचा अर्थ हवाय की आतला, तो निवड आणि त्या जागी बस. दरवेळी शंभर टक्के उत्तर मिळेलच असं नाही, पण पाठ केलेल्या ओळीपेक्षा नक्कीच बरं.

नकार नसतानाही जागा बोलते. ‘यू शुड क्लिअरली स्टेट द रीझन’ म्हणजे कारण स्पष्ट शब्दांत लिहा. ‘यू क्लिअरली शुड स्टेट द रीझन’ म्हणजे कारण लिहायलाच हवं हे उघड आहे, यात सांगायची काय गरज. पहिल्यात सूचना आहे, दुसऱ्यात टोमणा वाटू शकतो, क्लायंटला दुसरं गेलं तर अवघड आहे. मदतीची क्रियापदं दोन-तीन असतील तर साधारण असं की स्वतःचा शेरा असलेलं ॲडव्हर्ब पहिल्या मदतनिसाच्या आसपास, आणि काम कसं करायचं ते सांगणारं ॲडव्हर्ब मुख्य क्रियापदाला चिकटून. ‘द रिपोर्ट शुड प्रॉबेबली हॅव बिन चेक्ट’, पण ‘द रिपोर्ट शुड हॅव बिन केअरफुली चेक्ट’. केअरफुलीला उचलून शुडच्या मागोमाग ठेवून बघा, लगेच अडखळाल.

आणि नकार नाही, मोडल आहे, तरीही ॲडव्हर्ब आधी, असं पण होतं. कुणी विचारलं, विल ही कम? तर उत्तर ‘ही प्रॉबेबली विल’. ‘ही विल प्रॉबेबली’ म्हणून थांबलात तर ऐकणारा पुढच्या शब्दाची वाट बघत बसतो. तसंच ‘आय सर्टनली कॅन’, ‘आय ऑलवेज विल’. मोडलनंतरचं क्रियापद गाळलं की ॲडव्हर्ब मोडलच्या आधी सरकतं. चॅटवर हे फार लागतं, मेलमध्ये कमी.

आता विनंती, म्हणजे ते ‘कुड यू प्रॉबेबली सेंड द फाइल’. जो हसला त्याने हसायला नको होतं, पण वाक्य खरंच विचित्र आहे. तुम्हाला आवाज खाली आणायचा होता, आणि तक्त्याप्रमाणे शंभरपेक्षा कमी म्हणजे मवाळ, म्हणून तुम्ही प्रॉबेबली घेतलं असणार. पण प्रॉबेबली हा तुमचा स्वतःचा अंदाज असतो आणि विचारतानाच अंदाजही सांगितला तर समोरचा उत्तर कशाचं देणार? म्हणूनच ‘विल ही प्रॉबेबली कम?’ असा प्रश्नही सहसा कुणी विचारत नाही, ‘इज ही लाइकली टू कम?’ विचारतात. विनंतीत पॉसिबली बसतं, ‘कुड यू पॉसिबली सेंड द फाइल टुडे?’, म्हणजे कुठल्याही प्रकारे जमेल का, आणि त्यात समोरच्याला नाही म्हणायची मोकळीक मिळते, सगळा मवाळपणा त्या मोकळिकीत आहे. ‘परहॅप्स यू कुड सेंड इट टुमॉरो’ पण छान, तो प्रश्न राहत नाही, सुचवणं होतं. ‘कुड यू जस्ट’ने काम छोटं दाखवता येतं, पण ‘कुड यू जस्ट रिराइट द होल रिपोर्ट’ असं कुणी लिहिलं तर मला त्या माणसाचा राग येईल, तुम्हालाही यावा.

सल्ला देतानाही ॲडव्हर्ब असंच आवाज कमी-जास्त करायला येतं. ‘यू शुड प्रॉबेबली चेक विथ फायनान्स’ यात कुठलीही संभाव्यता मोजलेली नाही, मी आपलं सुचवतेय, ठरवा तुम्ही, एवढंच. आणि ‘मस्ट’ एरवी हुकमी, पण ‘यू रिअली मस्ट स्टे लाँगर’ म्हटलं की तो आग्रह होतो. बाकी काही जोड्या तर आता एक शब्द असल्यासारख्याच झाल्यात, त्या फोडून अर्थ लावायला जाऊ नका. ‘मे वेल’, ‘माइट वेल’ म्हणजे होण्याची बरीच शक्यता आहे, यात चांगल्या-वाईटाचा संबंध नाही. ‘मे ॲज वेल’, ‘माइट ॲज वेल’ म्हणजे दुसरं काही करण्यासारखं नाही तर हेच करू, आणि हे वाक्य क्लायंटला जपून, कारण त्यात उत्साह शून्य असतो. ‘यू कॅन ऑलवेज कॉल मी’ यात ऑलवेज म्हणजे रोज फोन करा असं नाही, तो पर्याय आहेच की, असं. पण ‘यू शुड ऑलवेज कॉल मी फर्स्ट’ यात मात्र दरवेळी. ‘कॅन हार्डली’मध्ये नकार आधीच मुरलेला आहे, म्हणून ‘कान्ट हार्डली’ करून दुसरा नकार घालायचा नाही.

बरं, आता तुमच्या दोन पर्यायांकडे.

ॲडव्हर्ब सोडून द्यायचं म्हणता तर असं लेखन असतं आणि ते योग्य जागी योग्यही असतं. इंटरनेटची तांत्रिक मानकं लिहिणाऱ्यांनी १९९७ मध्ये आरएफसी २११९ नावाच्या दस्तऐवजात मस्ट, शुड, मे यांचे अर्थ बांधून दिले, मस्ट म्हणजे सक्ती, शुड म्हणजे तसंच सबळ कारण नसेल तर करायचंच, मे म्हणजे ऐच्छिक. तिथे ‘शुड प्रॉबेबली’ लिहिलंत तर वाचणारा प्रोग्रॅमर डोक्यावर हात मारेल. करार, नियमावली, स्पेसिफिकेशन, चाचणीच्या पायऱ्या हे लिहीत असाल तर मैत्रिणीचं ऐका, मोडल एकटं ठेवा. पण मेल म्हणजे माणसाने माणसाला लिहिलेलं. तिथून सगळी ॲडव्हर्ब काढलीत की ‘वी विल फिनिश बाय फ्रायडे’ हा वायदा होतो आणि ‘वी मे फिनिश बाय फ्रायडे’ ही टाळाटाळ वाटते, मधलं जे खरं होतं, होईल असं वाटतंय पण हमी नाही, ते सांगायला शब्दच उरत नाही. मैत्रिणीचा सल्ला सोपा आहे पण त्याने तुम्ही एकतर जास्त बोलाल नाहीतर कमी.

कोर्स? शुड हॅव, कुड हॅव, मस्ट हॅव ही भूतकाळाची रूपं अडत असतील तर जरूर लावा, ती एकदा कुणीतरी समोर बसून करून घेतलेली बरी. पण पत्रावरून तसं वाटत नाही. तुमची अडचण नियम माहीत नसण्याची कमी आणि पाठवायच्या क्षणी नेमकं काय म्हणायचंय हे न ठरवण्याची जास्त दिसते, आणि ते कुठल्या कोर्सच्या सिलॅबसमध्ये नसतं. त्यापेक्षा तुमचा सेंट फोल्डर उघडा, सर्चमध्ये प्रॉबेबली टाका, मग रिअली, मग डेफिनेटली, आणि प्रत्येक वाक्यात ॲडव्हर्ब काढून, हलवून, मोडल बदलून बघा की त्या दिवशी मला खरंच काय सांगायचं होतं. थोडं ओशाळवाणं वाटेल पण पुस्तकातल्या उदाहरणांपेक्षा जास्त कळेल कारण संदर्भ तुमचाच आहे. आणि समोरून ज्यांचे मेल नीट, नेमके येतात त्यांच्या जोड्या उचलून ठेवा, सुट्या शब्दांची यादी नको, आख्खं वाक्य. ‘वी शुड बी एबल टू कन्फर्म बाय मंडे’ हे असंच एक, यातला शुड अपेक्षेचा आहे, सगळं ठीक चाललं तर होईल अशा अर्थाचा, आणि यात ॲडव्हर्ब नसूनही ‘विल प्रॉबेबली’चं काम होतं. हां, त्या शुक्रवारच्या वाक्यालाही हे चाललं असतं बघा, तिसरा पर्याय.

हात कचरतो म्हणालात त्यावर एवढंच, तिन्ही वाक्यांमध्ये मिळून एकच अशी चूक होती की जी कुणालाही चूक वाटेल, ती म्हणजे विनंतीतलं प्रॉबेबली. तेवढी आजच सुटली.

राहता राहिलं ‘यू शुड मेबी टॉक टू हिम’. बोलताना सर्रास चालतं, चॅटवरही चालेल. मेबीला वाक्याच्या सुरुवातीला जास्त करमतं, म्हणून क्लायंटच्या मेलमध्ये ‘मेबी यू शुड टॉक टू हिम’ करा किंवा आणखी जरा अदबीने ‘परहॅप्स यू कुड टॉक टू हिम’. फक्त मेबी एकत्र लिहा, मे आणि बी तोडून लिहिलंत तर मे मोडल होतं, आणि मग एका वाक्यात शुड आणि मे अशी दोन मोडल शेजारी येऊन बसतील.